आईचा आवाज, आबांची गाडी

सोमवार, ९ नोव्हेंबर १९९८

नेमिनाथ आण्णांनी आज मला दोन वस्तू दिल्या. एक कॉम्प्युटर आणि एक ही डायरी. डायरी कंपनीची, दहा महिने कोरी राहिलेली. कॉम्प्युटर ऑफिसातला, जूनमध्ये लाईटचा झटका बसून मेलेला. आण्णा आमचे मालक. कुपवाडला त्यांचं विजेच्या मोटारी रिवाइंडिंगचं शेड आहे आणि मी तिथं वायरमन. नवा कॉम्प्युटर आल्यापासून जुना टेबलाखाली पडून होता.

आण्णा म्हणाले, "मिलिंद, पाच म्हयने तू त्या डब्याकडं बघत भाकरी खातोयस. घेऊन जा. चालला तर तुझा."

मॉनिटर सायकलच्या कॅरियरवर बांधला, वर वाकळ गुंडाळली आणि चालत निघालो. डबा माझ्या वडलांच्या, आबांच्या खांद्यावर. रस्त्यात तिघांनी विचारलं, पेशंट कुठला?

आईला सांगितलं की ह्यावर तुझी गाणी रेकॉर्ड करायची. आई म्हणजे चंद्राबाई. आमच्या भागात जयंती असो, वर्षावासाची सांगता असो, नाहीतर कुणाचं बारसं, आईच्या गाण्याशिवाय होत नाही. निम्मी गाणी तिनं स्वतःच केलेली, आणि एकही कुठं लिहिलेलं नाही.

डायरीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. म्हणून लिहितो. मला गेम खेळायचाय.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

चालला!!!

आत फक्त पॉवर सप्लाय जळाला होता. दुसरा आणून बसवला, बटण दाबलं, पंखा फिरला, पडद्यावर पांढरी अक्षरं आली. मी ओरडलो तशी आई लाटणं घेऊन धावत आली. तिला वाटलं शॉक बसला.

पण आवाज येत नाही. साऊंड कार्डच नाही त्याला. ऑफिसात कॉम्प्युटरनं बोलून काय करायचं होतं म्हणा. सांगलीत एक कॉम्प्युटर क्लास आहे, तिथं हार्डवेअर शिकवणाऱ्या बाई आहेत असं कळलं. उद्या जातो.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

बाई नाहीत, मुलगी आहे. साक्षी. माझ्याच वयाची असेल. पाटणची, इथं आत्याकडं राहते. लुना चालवते. मी सगळं सांगितल्यावर म्हणाली, "मिलिंददादा, रेकॉर्डिंग का गेम? खरं सांगा. दोन्हीला कार्डं वेगवेगळी लागत्यात."

मी म्हणालो, रेकॉर्डिंग.

ती म्हणाली, "म्हंजे गेम."

रविवारी येते म्हणाली.

रविवार, १५ नोव्हेंबर

साक्षीनं क्लासमधलं जुनं कार्ड आणून बसवलं आणि बरोबर मोटारींच्या शर्यतीचा गेम असलेली सीडी आणली. आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आधी मी चालवली. पहिल्याच वळणाला झाडावर. मग साक्षीनं चालवली, ती तिसरी आली. मग तिनं दारात उभ्या असलेल्या आबांना म्हणलं, "काका, बसा की."

आबा म्हणजे भाऊसो ड्रायव्हर. एसटीत एकतीस वर्षं, सांगली-आटपाडी गाडी, एकही अपघात नाही. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले आणि तेव्हापासून घरात कुठं बसायचं हे त्यांना अजून सापडलेलं नाही. ते खुर्चीवर बसले, बाह्या वर केल्या, आणि पहिला प्रश्न विचारला, "हॉर्न कंचा?"

गाडी सुटली. बाकीच्या मोटारी सुसाट गेल्या. आबा तीसच्या स्पीडनं डाव्या बाजूनं. मी म्हणालो, "आबा, शर्यत हाय, दाबा की!" तर म्हणाले, "म्होरं वळण हाय, दिसत न्हाई तुला? माणसं बसल्यात मागं."

मागं कोण बसलंय हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. मागून दोन गाड्या येताना दिसल्यावर त्यांनी बाजूला घेऊन त्यांना वाट दिली. साक्षी हसून हसून जमिनीवर बसली. आई दाराच्या चौकटीला धरून हसत होती. आबा शेवटचे आले, शर्यत संपून दहा मिनिटं झाल्यावर. पडद्यावर इंग्रजीत आलं की तुम्ही हरलात. आबांनी विचारलं, काय म्हणतोय? साक्षी म्हणाली, "गाडीला ओरखडासुदिक न्हाई म्हणतोय, काका."

आबांनी परत सुरू केली.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

आईच्या गळ्याला पुढून गाठ आहे. दोन वर्षं आहे, दुखत नाही म्हणून ती कुणाला हात लावू देत नव्हती. आता गिळताना अडकतं. आज मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, थायरॉईडची गाठ आहे, वाईट नाही, पण काढायला पाहिजे. अकरा जानेवारीला ऑपरेशन.

मग आईनं विचारलं, "डॉक्टर, गाता येईल न्हवं?"

डॉक्टर भले माणूस. त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. आवाजाची नस त्या गाठीला चिकटून जाते. बहुतेकांचा आवाज नीट राहतो, पण काहींचा बदलतो, बसतो. मी जपून करीन, शब्द देऊ शकत नाही, म्हणाले.

घरी आल्यावर आबा सरळ कॉम्प्युटरसमोर बसले आणि तासभर गाडी चालवली. मला राग आला. असल्या दिवशी गेम सुचतो माणसाला?

सोमवार, ३० नोव्हेंबर

मी खोटं बोललो होतो ते आता खरं करायचं. आईची सगळी गाणी अकरा जानेवारीच्या आत रेकॉर्ड करायची. साक्षीला क्लासवर जाऊन सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी माईक घेऊन हजर. कुणाचा आणला विचारलं तर म्हणाली, "त्येचं काय करायचंय तुमाला?"

आज टेस्ट. साक्षी म्हणाली, "मावशी, काहीबी बोला." आईनं माईककडं पाहिलं, पदर नीट केला आणि जागच्या जागी ओवी जोडली.

*पयली माझी ओवी गं, लोखंडाच्या डब्याला,*
*डोळा त्येचा ताटाएवढा, कान सुईच्या भोकाचा.*

आम्ही टाळ्या वाजवल्या. मग लावून ऐकलं. आईच्या आवाजाच्या वर एक जाड 'हूंऽऽऽ' बसलेला, मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा. आईचं तोंड उतरलं. "असली गाते व्हय मी?"

साक्षीनं सॉफ्टवेअरमध्ये सगळं उलटसुलट केलं, हूं जाईना. पण तो हूं मी ओळखतो. रोज शेडमध्ये ऐकतो. घराला अर्थिंग नाही!

गुरुवार, ३ डिसेंबर

दोन दिवस परसात अर्थिंगचा खड्डा. मी आणि आबा. तांब्याची प्लेट पुरली, भोवती कोळसा आणि मीठ थराथरानं, वरनं पाणी, जाड तार घरात घेतली. आबा म्हणाले, "एवढा खड्डा तर मी एसटीत दर पावसाळ्यात बघायचो, पण कवा मीठ घातलं न्हवतं."

संध्याकाळी साक्षी आली. माईक लावला. हूं गेला! पार गेला. मागं फक्त शांतता आणि लांब कुणाची तरी कोंबडी.

साक्षीनं कानावरचा हेडफोन काढून माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी विचारलं, काय झालं, अजून काही आवाज येतोय का? म्हणाली, "न्हाई न्हाई. काय न्हाई."

आई आता त्या खड्ड्यावर रोज तांब्याभर पाणी घालते. ओल राहिली पाहिजे असं मीच सांगितलं होतं. जास्वंदीला एवढं घातलं असतं तर ती छपरावर गेली असती.

रविवार, ६ डिसेंबर

विहारात आई गायली. दरवर्षी गाते, मी दरवर्षी मागं बसून गप्पा मारतो. आज पहिल्यांदा नीट ऐकलं. तिचा आवाज वर जातो तेव्हा शेवटी थोडा चिरतो, कापड फाटल्यासारखा. तिथंच सगळ्यांचे डोळे भरतात. तेवढं आलं पाहिजे रेकॉर्डिंगला.

गुरुवार, १० डिसेंबर

जुन्या कार्डावर रेकॉर्डिंग खरखरतं. साक्षीनं दुसरं, चांगलं कार्ड आणलं. त्यावर आवाज स्वच्छ, पण ते गेमला ओळखत नाही. आबांची गाडी मुकी झाली. हॉर्न नाही म्हटल्यावर आबा गाडी डेपोतनं बाहेरच काढेनात. म्हणून दोन्ही कार्डं बसवली, तर कॉम्प्युटर जागेवर गोठला. सहा वेळा बंद-चालू.

साक्षीनं समजावलं. प्रत्येक कार्डाला मशीनला हाक मारायला एक नंबर असतो. ही दोघंही पाच नंबरनंच हाका मारतात, मशीनला कळत नाही कुणाला ओ द्यायची. एकाचा नंबर बदलायचा तर कार्डावरची तांदळाएवढी टोपी काढून शेजारच्या दोन काट्यांवर बसवायची.

"मावशी, चिमटा हाय का?"

आईनं स्वयंपाकघरातली सांडशी आणून दिली.

शेवटी साक्षीनं केसातली पिन काढून तिनं टोपी उचलली. केस मोकळे झाले तर तिला दिसेना, म्हणून मी बॅटरी धरायची आणि दुसऱ्या हातानं तिचे केस बाजूला धरायचे. अवघड काम होतं. बॅटरी दोनदा हातातनं पडली, जड आहे.

पण झालं! एक पाच, एक दहा. एका कार्डावर आईचा आवाज, दुसऱ्यावर आबांचा हॉर्न, आणि दोघं भांडत नाहीत. आई म्हणाली, "लगीन झाल्यापसनं पयल्यांदा."

जाताना साक्षी म्हणाली, "चल मिलिंद, सोमवारी येते." दादा म्हणायचं विसरली. वेळ वाचत असेल.

सोमवार, १४ डिसेंबर

नवं संकट. शेजारी शालूबाईंची पिठाची गिरणी आहे, आमची आणि तिची भिंत एकच. जन्मल्यापासून ऐकतोय म्हणून मला कधी ऐकूच आली नव्हती. माईकला येते. आईच्या प्रत्येक ओळीमागं धडधड धडधड पट्टा.

लाईट गेली की गिरणी बंद, सगळं गप्प. पण लाईट गेली की कॉम्प्युटरही बंद. लाईट आली की दोन्ही चालू. मी आणि साक्षी यावर विचार करत अर्धा तास पायरीवर बसलो. उपाय सापडला नाही, पण कंटाळा आला नाही.

शेवटी आईच उठून गेली. "शालू, रोज दुपारी दोन ते चार गिरणी बंद ठेव. अकरा तारखेपतूर."

शालूबाई म्हणाली, "आणि लोकांनी काय जोंधळं तसंच खायाचं?"

आईनं पदर बाजूला करून गळ्यावरची गाठ दाखवली. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. शालूबाई लगेच दारावर खडूनं लिहायला लागली. 'दुपारी दोन ते चार गिरणी बंद. कुणी इचारायचं न्हाई.'

आण्णांनीही मला दुपारचे दोन तास सोडलंय. म्हणाले, आईचं काम आहे, संध्याकाळी भरून दे.

शुक्रवार, १८ डिसेंबर

साक्षीला क्लासमध्ये परीक्षा, म्हणून चार दिवस आली नाही. आज माईकची वायर मागून निसटलेली. मी बसवली. तासाभरानं परत निसटलेली! मी वायरमन आहे, माझ्या हातचे जॉइंट असे सुटत नाहीत. उंदीर असावेत. आई म्हणाली, "तुला न्हाई जमायचं रं मिल्या, साक्षीलाच बोलीव."

बोलावली. तिनं बसवली तेव्हापासून घट्ट आहे. हाताला गुण असतो एकेकाच्या.

सोमवार, २१ डिसेंबर

पहिलं खरं रेकॉर्डिंग.

आतल्या खोलीत दोऱ्या बांधून चारी बाजूंनी वाकळा टांगल्या, मध्ये आई आणि माईक. पंख्याचा आवाज नको म्हणून डबा भिंतीपलीकडं स्वयंपाकघरात. दोन वाजता धडधड थांबली आणि आई तीन गाणी गायली. तिसऱ्यात ते चिरणं आलं, जसंच्या तसं. साक्षीनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठलाय.

बाहेर आलो तर गल्लीत पंधरा-वीस माणसं. दळणाचे डबे घेऊन आलेली. गिरणी बंद म्हणून बसली, मग गाणं ऐकू आलं म्हणून बसूनच राहिली. एक जणही खोकला नव्हता. शालूबाई ओठावर बोट ठेवून दारात उभी होती पोलिसासारखी.

एकच गोष्ट मनाला लागली. गाणं सुरू व्हायच्या आधी आबा चपला घालून निघून गेले. कुठं तर सांगितलं नाही. चार वाजून गेल्यावर आले, पाठीला सगळं पीठ लागलेलं. गिरणी तर बंद होती. कुठं बसतात कोण जाणे. आईच्या गाण्याचं त्यांना काहीच कसं वाटत नाही?

बुधवार, २३ डिसेंबर

आज लिहवत नाही, तरी लिहितो.

तीन दिवसांची सात गाणी गेली. मी शहाण्यानं सगळी एकाच फायलीत जोडायला घेतली आणि जोडत असतानाच लाईट गेली. परत आली तेव्हा फाईल उघडेना. साक्षी दोन तास खटपट करत होती. नाहीच.

आईला सांगायला गेलो आणि दारातच रडायला लागलो. साक्षीनंच सांगितलं. "मावशी, चूक माझी. मी त्याला जोडू द्यायला नको हुती." चूक माझी होती. ती असं का म्हणाली कळत नाही.

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सातच गेली न्हवं? मला पाठ हायत."

मग माझ्याकडं बघून, "रडतोस काय येड्या? अजून गळा माझ्यापाशीच हाय."

गुरुवार, २४ डिसेंबर

आण्णांनी ऑफिसातला यूपीएस दिला. लाईट गेली की हा डबा पाच मिनिटं तग धरतो आणि ओरडतो. प्रत्येक गाण्याची वेगळी फाईल, आणि रोज संध्याकाळी कॅसेटवरही उतरवायचं. साक्षीचा नियम. मी मान हलवली. ती म्हणाली, "मान नको हलवू, लिव." म्हणून इथं लिहिलं.

आज चार गाणी. आबा परत पिठानं माखून आले.

मंगळवार, २९ डिसेंबर

डिस्क भरली! गाण्याच्या दर मिनिटाला पाच एमबी लागतात. एकतीस गाणी झाली, बारा राहिली, आणि जागा जवळजवळ शून्य. काढण्यासारखं एकच आहे. आबांचा गेम.

आणि आबा आता रोज सकाळ-संध्याकाळ चालवतात. जेवताना बोलत नाहीत, आईकडं बघत नाहीत, पण गाडी चालवतात. अजून कधी जिंकले नाहीत, एकदाही कुणाला धडकले नाहीत. जागा संपत आलेली दोन दिवस दिसत होती, पण मी तोंड उघडलं नाही. साक्षीला म्हणालो, तू सांग. ती म्हणाली, बाप तुझा.

आज संध्याकाळी मी नुसताच पडद्यासमोर बसलो होतो. आबा मागं येऊन उभे राहिले.

"जागा न्हाई व्हय रं?"

मी मान हलवली.

"मग माझी गाडी काढ की."

"आबा, तुमची सगळी—"

"काढ म्हणतो न्हवं. कुठलं बटान? मीच दाबतो."

मी दाखवलं. त्यांनी एका बोटानं दाबलं. पडद्यावर कागदं उडत जाताना दिसली, ती संपेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "ते आटपाडीच्या माळाचं गाणं घेतलंस का? तिसऱ्या कडव्याला ती जरा थांबती. तिथं घाई करू देऊ नगंस."

आई ते गाणं कालच पहिल्यांदा गायली. आबा घरात नव्हते. त्यांना कसं माहीत?

सोमवार, ४ जानेवारी १९९९

त्रेचाळीस! संपली! साक्षीनं शेवटची फाईल ठेवली आणि आम्ही दोघं वाकळांच्या तंबूत नाचलो. खरंच नाचलो. आई म्हणाली, "माईक पाडाल, मेल्यांनो," आणि स्वतः टाळ्या वाजवत होती.

शालूबाईनं गिरणी चालू केली. इतकं ओकंबोकं वाटलं.

मंगळवार, १२ जानेवारी

काल ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. आई शुद्धीवर आहे, गळ्याला पट्टी आहे, बोलायचं नाही म्हणून सांगितलंय.

काल दवाखान्याच्या बाकावर आबा, मी, साक्षी. साक्षी सकाळीच आली होती, क्लासला सुट्टी टाकून. चार तास. आबांचा उजवा पाय सारखा जमीन दाबत होता, ब्रेक दाबल्यासारखा. मला ते बघवेना. साक्षीनं न बोलता त्यांचा हात धरला तेव्हा पाय थांबला.

मला एकदम कळलं की हा माणूस दीड महिना घाबरलेला होता, आणि मी त्याच्यावर चिडत होतो.

शनिवार, २३ जानेवारी

आई घरी आली. आवाज म्हणजे नुसती हवा. डॉक्टर म्हणतात, नस शाबूत आहे, सूज उतरू दे, थोडं थोडं येईल. आधीसारखा येईल का विचारलं तर म्हणाले, वाट बघा.

ती खुणांनी भांडते. खुणांनीही तीच जिंकते.

रविवार, ७ फेब्रुवारी

आवाज आला. पण दुसऱ्याच बाईचा. खाली बसलेला, खरबरीत, वर चढायला गेला की निघतच नाही. आईनं सकाळी चुलीपाशी एक ओळ म्हणून बघितली. अर्ध्यात थांबली. मग भाकरी थापत राहिली.

आतल्या खोलीत ती आता जात नाही. मी रेकॉर्डिंग लावू का विचारलं तर म्हणाली, "नगं. ती बाई गेली."

साक्षीनं गाणी कॅसेटवर आहेतच म्हणून डिस्कवरची अर्धी काढून आबांचा गेम परत बसवला. आबा बसले नाहीत.

सोमवार, २२ फेब्रुवारी

सगळं सविस्तर लिहितो, नाहीतर उद्या मलाच पटणार नाही.

दुपारी साक्षी आली. आबा तिच्याशी पायरीवर हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मग ती आत गेली, काहीतरी जोडाजोडी केली आणि मला म्हणाली, स्पीकर मोठा कर. आटपाडीच्या माळाचं गाणं. आईचा जुना आवाज घरभर.

आई परसात कपडे वाळत घालत होती. तरातरा आत आली. "बंद कर म्हणलं न्हवं?"

दारात आबा आडवे उभे. म्हणाले, "चंद्रे, तिसरं कडवं येतंय. तू न्हेमी तिथं थांबतीस. त्या गिरणीतल्या पोत्यांवर बसून ऐकलंय मी रोज. तिथं थांबलीस की मला वाटायचं, संपलं. आणि मग तू परत सुरू करायचीस."

आई बघतच राहिली. मीही. पीठ!

तिसरं कडवं आलं. स्पीकरमधली आई थांबली. आणि त्या थांबलेल्या जागेत ही आई गायला लागली. वर नाही, खालीच. त्या जाड, खरबरीत आवाजात. वरची परत सुरू झाली आणि दोघी बरोबर निघाल्या, एक वरनं, एक खालनं, रस्ता आणि रस्त्याकडंची जमीन जशी.

साक्षीनं मला ढोसलं. "माईक! धर! ह्या कार्डावर एका वेळी वाजवताबी येतं आणि घेताबी येतं!" तिनं आईच्या कानाला हेडफोन लावला, स्पीकर बंद केला, गाणं पहिल्यापासून लावलं. आई डोळे मिटून पूर्ण गायली. एकदाही वर जायचा हट्ट केला नाही. शेजारी गिरणी चालू होती, धडधड सगळी आत आली आहे. असू दे.

मग दोन्ही आवाज एकत्र करून हेडफोन आबांना दिला. आबा आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत गाणं ऐकायला बसले. कानावर हेडफोन असला की माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. ते गिरणीच्या वर ऐकू जाईल असं ओरडले,

"चंद्रे, ह्यातली तू कंची गं?"

गिरणीच्या रांगेतली माणसं हसायला लागली. आईनं आबांच्या कानावरचा हेडफोन उचलला आणि सांगितलं,

"दोन्ही. आता दोघींचं ऐकावं लागंल तुमाला."

संध्याकाळी साक्षीला सोडायला लुनापर्यंत गेलो. म्हणालो, "उद्या येशील?"

"का? काय बिघडलंय?"

मी विचार केला. अर्थिंग नीट आहे. कार्डं नीट आहेत. वायर घट्ट. डिस्कवर जागा आहे.

"काय न्हाई बिघडलं," मी म्हणालो. "तरी ये."

तिनं लुनाचं पेडल मारलं. सुरू होईना. परत मारलं. तिचा चेहरा लाल झाला होता, पेडल मारून असेल असं लिहिणार होतो, पण डायरीत खोटं लिहायचं नाही.

"येते," ती म्हणाली.